मतदारसंघ कोणाचा? मालेगावच्या एका जागेची कहाणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवली. आयुष्यभर मी नागरिकशास्त्र शिकवले. हा विषय शाळेत नेहमी इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असतो. परीक्षा आठ दिवसांवर आली की विद्यार्थी त्याची पाने उघडतात, आमदाराचे वय किती असावे लागते हे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही. घरातही आपण त्या विषयावर कधी बोलत नाही. निवडणूक आली की मात्र चौकात रात्रीचे दोन वाजेपर्यंत बोलतो.

मेळाव्याच्या आधी मी इथल्या नववीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. मुलांना दोन प्रश्न विचारले. पहिला, आपला आमदार कोण? निम्म्याहून अधिक हात वर झाले. दुसरा, आपला मतदारसंघ कुठून कुठवर आहे आणि ही हद्द कोणी आखली? एकही हात वर झाला नाही. मागे बसलेल्या शिक्षकांचाही नाही! मग मी ठरवले, आज याच दुसऱ्या प्रश्नावर बोलायचे.

मतदारसंघ ही गोष्ट हवेत समजत नाही. एखादे गाव समोर ठेवावे लागते. मी मालेगाव घेतो. तुम्ही म्हणाल, आम्ही इथे राहतो आणि सर मालेगावचे काय सांगतात? कारण असे की नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी त्या शहरात काढली आहेत. आणि दुसरे असे की आपल्या समाजाच्या प्रतिनिधित्वाचे जे जे प्रश्न इतरत्र विखुरलेले दिसतात, ते तिथे एका जागी, एका विधानसभेच्या जागेत, गोळा झालेले दिसतात.

वर्तमानपत्रांतून मालेगावची ओळख बहुधा २००६ आणि २००८ सालच्या बाँबस्फोटांमुळे झालेली असते. ती ओळख अपुरी आहे. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे हे शहर. अठराव्या शतकात नारोशंकर राजेबहाद्दर यांनी येथे भुईकोट किल्ला बांधला. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला तेव्हा आतल्या अरब शिबंदीने त्यांना चांगलेच झुंजवले. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे पायी, बैलगाडीने दक्षिणेकडे निघाली. त्यांतली बरीच मालेगावात स्थिरावली. हातमागाची खटखट सुरू झाली, विसाव्या शतकात यंत्रमाग आले, आणि आज त्या शहरात रात्रीसुद्धा शांतता नसते. मागाचा आवाज बंद झाला तर तिथले लोक दचकून जागे होतात असे मी गमतीने म्हणत असे. आवाज बंद म्हणजे वीज गेली, वीज गेली म्हणजे मजुरी बुडाली.

आता या विणकराला राज्यकारभारात आवाज कधी मिळाला ते पाहू.

१९०९ साली मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ झाले. म्हणजे मुसलमान उमेदवार, आणि मते देणारेही मुसलमानच. पुष्कळांना वाटते की तेव्हा आपला समाज कायदेमंडळात पोचला. पण मते देणारे मुसलमान कोण होते? जमीनदार, मोठे व्यापारी, पदवीधर. १९१९ च्या कायद्याने मतदार वाढले, तरी शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर यांच्या अटी राहिल्याच. त्या कायद्याखालची पहिली निवडणूक १९२० साली झाली. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या एप्रिलमध्ये, खिलाफत आणि असहकाराच्या दिवसांत मालेगावात मोठा उद्रेक झाला. त्यात एका पोलीस अधिकाऱ्याचा बळी गेला, आणि १९२२ साली शहरातल्या काही जणांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या प्रसंगाच्या बऱ्यावाईटाची चर्चा मी इथे करत नाही. मला एवढेच दिसते की ज्या वस्तीतून माणसे फासावर गेली, त्या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत माग चालवणाऱ्या माणसाला मत देण्याचा हक्क नव्हता.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा ठरवल्या. त्यांपैकी २९ मुसलमानांच्या आणि शिवाय एक मुसलमान स्त्रीची. आकडा ऐकायला चांगला वाटतो. पण मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींमुळे देशातील शंभर माणसांमागे चौदा-पंधरांनाच मत होते. म्हणजे जागा राखीव होती, पण जिच्या नावाने ती राखली ती गोरगरीब रयत दाराबाहेर उभी होती. हे नीट लक्षात ठेवा. जागा असणे आणि मत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीपुढे प्रश्न आला, अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवायच्या का? स्वतंत्र मतदारसंघ आधीच बाद झाले होते. १९४९ च्या मे महिन्यात धर्माच्या आधारावरील राखीव जागाही नकोत असा निर्णय झाला. या निर्णयाच्या बाजूने ठामपणे बोलणाऱ्यांत बेगम ऐजाज रसूल होत्या, घटना समितीतील मुसलमान स्त्री सभासद. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडून टाकील असे त्यांचे मत होते. सभागृहात याला विरोध करणारेही मुसलमान सभासद होते आणि त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण त्या निर्णयाच्या बदल्यात एक फार मोठी गोष्ट पदरात पडली. जात, धर्म, संपत्ती, शिक्षण, काही न पाहता २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मालेगावचा विणकर, त्याची बायको आणि माग-मालक एकाच रांगेत उभे राहिले. राखीव जागा गेली, पण मत आले.

मग झाले काय? मालेगावची जागा आपल्या हातून गेली का? नाही. शहराची वस्तीच अशी की तेथून मुसलमान प्रतिनिधी निवडून येत राहिला. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. बाहेरची माणसे 'मुसलमानांची गठ्ठा मते' असे म्हणतात. त्यांनी मालेगावच्या निवडणुका पाहाव्यात! समाजवादी विचाराचे साथी निहाल अहमद यांनी १९७८ पासून १९९५ पर्यंतच्या सलग पाच निवडणुका तेथून जिंकल्या. १९८६-८७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. साधी राहणी आणि रोखठोक बोलणे यांबद्दल त्यांचे विरोधकही त्यांना मानत. अशा माणसाला १९९९ साली त्याच मतदारांनी घरी बसवले आणि काँग्रेसचे शेख रशीद यांना निवडून दिले. २००९ साली शेख रशीद यांना हरवून जनसुराज्य शक्ती पक्षाच्या तिकिटावर मुफ्ती मोहम्मद इस्माईल आले. २०१४ साली काँग्रेसचे आसिफ शेख आले. २०१९ साली पुन्हा मुफ्ती इस्माईल, यावेळी एमआयएमतर्फे. २०२४ साली पुन्हा तेच.

काय दिसते यातून? समाजवादी, काँग्रेस, प्रादेशिक पक्ष, एमआयएम. गठ्ठा कुठे आहे? इतर कोणत्याही शहरासारखेच हे शहर स्वतःशी भांडते. नळाच्या पाण्यावरून, गटारांवरून, विजेच्या दरावरून, माणसांच्या स्वभावावरून भांडते. भांडण होते म्हणजे विचार होतो. एका समाजाचे सारे लोक एकाच बाजूला उभे असले पाहिजेत असा आग्रह धरणारे, मग ते आतले असोत की बाहेरचे, मतदाराला माणूस न समजता मेंढरू समजतात.

आणि २०२४ चा निकाल तर प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. नोव्हेंबर महिन्यात मोजणी झाली. मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख या दोघांनाही १ लाख ९ हजारांवर मते पडली आणि दोघांत फरक होता १६२ मतांचा. त्या मतदारसंघात मतदार तीन लाखांवर. एका मतदान केंद्रावर दीड हजार मतदार धरले तरी केंद्रांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. म्हणजे प्रत्येक केंद्रावर एका माणसाने मत फिरवले असते, किंवा घरी झोपलेला एकच माणूस उठून आला असता, तर निकाल बदलू शकला असता. कोण जिंकायला हवे होते हे सांगायला मी आलेलो नाही. 'माझ्या एका मताने काय होणार' असे म्हणणाऱ्याला १६२ हा आकडा सांगा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ज्याला एकही हात वर झाला नव्हता. हद्द कोण आखते?

मतदारसंघाची हद्द आमदार आखत नाही, कलेक्टर आखत नाही. त्यासाठी कायद्याने परिसीमन आयोग नेमला जातो. जनगणनेचे आकडे समोर ठेवून तो आयोग राज्याची लोकसंख्या जागांनी भागतो. आपल्या राज्यात १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७०, आणि १९७८ पासून २८८ आहेत. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख भरली. मुलांनो, भागाकार करा. ९ कोटी ६८ लाख भागिले २८८. एका जागेच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. मालेगाव शहराची लोकसंख्या त्या वेळी ४ लाखांवर गेली होती. म्हणजे एक जागा भरून शहर उरत होते. अर्धी जागा देता येत नाही. तेव्हा शहराचा गाभा घेऊन 'मालेगाव मध्य' हा मतदारसंघ झाला, आणि शहराचा उरलेला भाग भोवतालच्या खेड्यांना जोडून 'मालेगाव बाह्य' झाला. पूर्वीचा दाभाडी मतदारसंघ त्यात गेला. २००८ साली ही रचना ठरली आणि २००९ पासून अमलात आली.

एका शहराचे दोन मतदारसंघ झाले. एका बाजूला यंत्रमागाची दाट वस्ती, दुसऱ्या बाजूला कॅम्प आणि कांदा-डाळिंब पिकवणारी खेडी. पाणी त्याच गिरणेचे, महापालिका तीच, बाजारपेठ तीच. पण विधानसभेत जाणारी माणसे दोन. बाह्य मतदारसंघाचे आमदार दादा भुसे यांच्याकडे २०२४ च्या डिसेंबरात राज्याचे शालेय शिक्षण खाते आले. आता मालेगाव मध्यमधल्या एखाद्या उर्दू शाळेचा शिक्षक मान्यतेसाठी धडपडत असेल, तर त्याने कोणाकडे जायचे? आपल्या आमदाराकडे, की शेजारच्या मतदारसंघातल्या मंत्र्याकडे? माझे उत्तर आहे, दोघांकडेही. हद्द मत देण्यासाठी असते, मागणी करण्यासाठी नसते.

लोकसभेच्या बाबतीतही असेच झाले. २००८ पूर्वी मालेगाव हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ होता. तो रद्द झाला, आणि मालेगावच्या दोन्ही विधानसभा जागा बागलाणसह धुळे लोकसभेला जोडल्या गेल्या. धुळे शहर, धुळे ग्रामीण, सिंदखेडा मिळून सहा. २०२४ साली तेथून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३ हजार ८३१ मतांनी निवडून आल्या, आणि त्या विजयात मालेगाव मध्यच्या प्रचंड आघाडीचा वाटा निर्णायक होता. म्हणजे ज्या मतदारसंघाला लोक 'मुसलमानांचा' म्हणतात, त्याने एका हिंदू भगिनीला दिल्लीला पाठवले. प्रतिनिधी आपल्या धर्माचा असला तरच तो आपला, हा नियम मतदाराने कधीच मानलेला नाही. तो आपण घरात बसून मानतो.

आणि आता मी तुमच्याविषयी बोलतो. इथे बसलेल्या पालकांपैकी बहुतेकांचा मतदारसंघ मालेगावसारखा नाही. तिथे आपण शंभरात दहा आहोत, कुठे पाच आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. २०१९ च्या विधानसभेत मुसलमान आमदार १० निवडून आले, २०२४ मध्येही १०. टक्केवारीचा हिशेब केला तर ३३ व्हायला हवेत. हा आकडा सांगून हळहळ व्यक्त करणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. राजकीय पक्ष उमेदवारी देताना आपल्याला विसरतात ही तक्रार खरी आहे, ती केली पाहिजे आणि करत राहिली पाहिजे. पण मला तुम्हाला दुसरा हिशेब विचारायचा आहे. २८८ मधून १० गेले, राहिले किती? २७८. हे २७८ आमदार कोणाचे आहेत? जिथे जिथे आपण राहतो तिथल्या आमदाराचा पगार, त्याचा विकासनिधी, त्याचा विधानसभेतला वेळ, यांत आपलाही वाटा आहे. त्याला आपण कधी काही विचारले आहे का? ईदच्या दिवशी तो शिरखुर्मा प्यायला येतो, आपण फोटो काढून घेतो, संपले. दहांकडून सगळ्या अपेक्षा करायच्या आणि दोनशे अठ्ठ्याहत्तरांना मोकळे सोडायचे, हा कुठला हिशेब?

आमदाराला विचारायचे म्हणजे काय विचारायचे? रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवणे हे आमदाराचे मुख्य काम नव्हे, ते नगरपालिकेचे काम आहे. आमदार कायदे करतो आणि सरकारला जाब विचारतो. त्याच्या हातात साधने आहेत. अधिवेशनात तो तारांकित प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचना देऊ शकतो. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना मांडू शकतो. मालेगावच्या यंत्रमागाच्या विजेचा दर सवलतीचा असावा हा प्रश्न विधानसभेत वर्षानुवर्षे गाजला, तो याच मार्गाने. तुमच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसेल, मुलींच्या वसतिगृहाचा प्रस्ताव मंत्रालयात पडून असेल, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नसेल, तर कागदावर नीट लिहा. प्रस्तावाचा क्रमांक, तारीख, कोणत्या खात्याकडे अडले आहे, हे सारे लिहा. अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी आमदारांच्या हाती द्या आणि म्हणा, 'साहेब, यावर प्रश्न टाका.' उत्तर आले की ते पुन्हा मागायला जा. पाच पालकांनी वर्षातून दोनदा असे केले तर तो आमदार तुम्हाला विसरणार नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कोणत्याही पक्षाचा असो.

पण हे सगळे करण्यासाठी आधी आपण यादीत असलो पाहिजे. इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या अम्मांची तीन नावे होती. निकाहनाम्यात एक, रेशनकार्डावर दुसरे, आणि मतदार यादीत तिसरे. यादीतल्या नावात 'बी' ऐवजी 'बाई' झाले होते आणि आडनाव भलतेच पडले होते. एका निवडणुकीला त्या नवी चादर पांघरून, सकाळी लवकर, माझा हात धरून केंद्रावर गेल्या. तिथल्या माणसाने कागद पाहिला, यादी पाहिली आणि म्हणाला, या तुम्ही नव्हेत. अम्मा काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "बेटा, तू इतक्या मुलांना शिकवतोस, माझे नाव नीट करायला तुला वेळ मिळाला नाही." मी नागरिकशास्त्राचा शिक्षक! त्या माणसाचा दोष किती, हे मी मोजत बसलो नाही. दोष माझा होता. यादी प्रसिद्ध झाली होती, हरकतींची मुदत होती, मी पाहायला गेलो नव्हतो.

ही एका घरची गोष्ट नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायचे नाकारले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपले नाव सांगायला शिकल्या. आपल्या घरांत आजही काय होते? मुलीचे नाव जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरे, लग्नानंतर सासरी तिसरे. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना शेखचे तीन प्रकार होतात आणि खातूनचे चार. शाळेच्या दाखल्यावर मुलीचे नाव लिहिताना जे अक्षर पडते, ते तिच्या जन्माला पुरते. म्हणून पालकांनो, पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी घाई करू नका. शिक्षकांनो, तुम्हीही करू नका.

मुलींविषयी आणखी एक. मालेगावात २०१९ साली ताहेरा शेख महापौर झाल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत निहाल अहमद यांची कन्या शान-ए-हिंद समाजवादी पार्टीतर्फे उभ्या होत्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. २०२३ साली घटनेत दुरुस्ती होऊन लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवायचे ठरले. नवी जनगणना आणि नवे परिसीमन झाल्यावर ते अमलात यायचे आहे. आज दहावीला बसलेली आपली मुलगी त्या वेळी मतदार असेल, कदाचित उमेदवारही. तिला दहावीनंतर घरी बसवाल तर त्या राखीव जागेवर आपले नाव सांगणारी कोणीच असणार नाही.

नवे परिसीमन म्हटले, ते समजून घ्या. १९७६ साली आणि नंतर पुन्हा घटनादुरुस्ती करून जागांची संख्या गोठवण्यात आली. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती तशीच राहायची आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही. ती २०२७ मध्ये घेण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्या आकड्यांवर पुढच्या हद्दी आखल्या जातील. आयोगाचा अंतिम आदेश कायद्याइतका बांधील असतो. घटनेच्या ३२९ व्या कलमानुसार हद्द कशी आखली या मुद्द्यावर न्यायालयाला प्रश्न करता येत नाही. म्हणून बोलायचे ते आधी. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. त्या दिवशी सभागृहात पक्षांची माणसे नकाशे घेऊन बसलेली असतात. सामान्य नागरिक क्वचित दिसतो. आपली वस्ती नाल्यावरून मधोमध तोडून दोन मतदारसंघांत टाकली तर तिचा आवाज दोन्हीकडे अर्धा होतो. आपल्या शेजारच्या हिंदू, बौद्ध वस्तीचेही तेच होते. तेव्हा ही हरकत त्यांच्यासह लिहावी. हा प्रश्न मोहल्ल्याचा आहे, मजहबचा नाही.

आणि म्हणूनच मोजणारा दारात आला की दार लावू नका. घरात नऊ माणसे असतील तर नऊ सांगा. नोकरीला गेलेला कुठे मोजला जाईल ते विचारा. पाळण्यातले मूलही सांगा, ते पुढच्या भागाकारात मोजले जाणार आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम देऊन थांबतो. १९८९ पासून मताचे वय १८ आहे. आता यादीत नाव घालण्यासाठी वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पुरी झाली की अर्ज आधीच भरून ठेवता येतो. नव्या नावासाठी नमुना ६, चूक दुरुस्त करण्यासाठी नमुना ८. बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आणि विद्यार्थिनीने आपला नमुना ६ भरावाच. पण त्याखेरीज प्रत्येकाने आपल्या आईचे नाव यादीत शोधावे. ते जसेच्या तसे आहे का पाहावे. चुकले असेल तर तिच्याजवळ बसून नमुना ८ भरावा आणि सही तिलाच करू द्यावी. ज्या आईला सही येत नाही तिला ती शिकवावी. संस्थेच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की पुढच्या मेळाव्यात किती आयांची नावे दुरुस्त झाली तो आकडा परीक्षेच्या निकालाबरोबर वाचून दाखवावा.

आमच्या अम्मांचे नाव मी नंतर नीट करून घेतले. त्यानंतरच्या निवडणुकीला त्या केंद्रावर गेल्या, शाई लावून बाहेर आल्या आणि ते बोट त्यांनी दिवसभर पदराआड झाकले नाही. मतदारसंघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मला त्या बोटात दिसले.